देव्हाऱ्यातली किल्ली

माझी बायको नेमबाज होती. ती असताना हे मी आपणहून कोणाला सांगत नसे. एनस्खेडे या डच शहरातल्या आमच्या मराठी मंडळींत ती गणपतीच्या दिवसांत सगळ्यांच्या चहाचं बघणारी, एका फिजिओथेरपिस्टकडे काउंटरवर बसणारी, मोजकं बोलणारी बाई म्हणून माहीत होती. जिन्याखालच्या कपाटात भिंतीला बोल्टने आवळलेली लोखंडी तिजोरी आहे आणि तिच्यात एक पिस्तूल आहे, हे फार थोड्यांना ठाऊक होतं. ज्यांना कळे ते आधी माझ्याकडे बघत. पिस्तूल माझं असेल असंच त्यांना वाटायचं.

कोल्हापूरला कॉलेजात असताना एनसीसीत ती रायफल चालवायची. लग्नानंतर सुटलं. मी इथल्या तांत्रिक विद्यापीठात शिकवायला आलो, ती माझ्या व्हिसावर आली, मग मुलगी झाली. मुलगी शाळेत जाऊ लागल्यावर एका शनिवारी ती सायकल काढून बाहेर पडली आणि दोन तासांनी परत येऊन म्हणाली, ‘अहो, मी क्लबात नाव घातलं.’ मला वाटलं, पोहण्याच्या.

पुढची काही वर्षं आधी हवेच्या पिस्तुलावर आणि मग क्लबाच्या पिस्तुलावर सराव करण्यात गेली. चांगल्या वर्तणुकीचा दाखला झाला, पोलिसांची घरभेट झाली आणि शेवटी तिचं स्वतःचं पिस्तूल आलं. स्पर्धेचं, बारीक गोळीचं. त्याची मूठ अक्रोडाच्या लाकडाची होती आणि एका कारागिराकडून तिच्या तळव्याच्या मापाने कोरून घेतलेली होती. तिचा हात लहान. क्लबातल्या धिप्पाड डच पुरुषांना ती मूठ धरताच येत नसे. त्यांनी एकदा गमतीने आळीपाळीने धरून बघितली, तेव्हा ‘बाहुलीचा चमचा’ असं त्या मुठीचं नाव पडलं.

सीमा आमच्या घरापासून अकरा किलोमीटरवर. पलीकडच्या जर्मन गावात एक जुना क्लब होता आणि तिथे वर्षातून तीन-चार स्पर्धा होत. पिस्तूल घेऊन दुसऱ्या देशात जायचं तर शस्त्राचा रीतसर युरोपीय पास लागे आणि यजमान क्लबाचं निमंत्रणपत्र लागे. पिस्तूल रिकामं, बंद पेटीत, काडतुसं वेगळ्या डब्यात, दोन्ही डिकीत. घरून निघायचं ते थेट क्लबात आणि तिथून थेट घरी. वाटेत थांबायचं नाही. पलीकडे पेट्रोल स्वस्त, साबण स्वस्त. अख्खं एनस्खेडे शनिवारी त्यासाठी तिकडे जातं. आम्ही मात्र पेट्रोल पंपावरून सरळ पुढे जायचो. एकदा मी म्हणालो, ‘अगं, पाच मिनिटं. टाकी अर्धी आहे.’ ती म्हणाली, ‘मग परत एकटे या.’

गाडी मी चालवायचो, कारण स्पर्धेआधी तिला हात मोकळे ठेवायचे असत. पोचल्यावर ती पेटी घेऊन आत जाई आणि मी गाडीत पुस्तक वाचत बसे. आवाज मला सोसत नसे, हे एक कारण होतं. दुसरं म्हणजे मला या सगळ्याची थोडी लाज वाटायची. इतक्या वर्षांत मी एकदाही आत गेलो नाही.

आत तिची एक मैत्रीण होती. सत्तरीतली जर्मन बाई, पोस्टातून निवृत्त झालेली, उंचीने माझ्या बायकोच्या खांद्याला. ही तिला ‘मावशी’ म्हणायची. तिने अर्थ विचारला, हिने सांगितला, आणि त्या दिवसापासून ती फोनवरही ‘मौशी बोलतेय’ असंच म्हणायची. एकदा मावशीच्या पिस्तुलाची स्प्रिंग अडकली, तेव्हा उरलेले नेम तिने हिच्या पिस्तुलाने मारले. मूठ तिच्या हातात अशी बसली की ही घरी येऊन दोनदा म्हणाली, ‘माझ्याशिवाय ते तिलाच होतं बघा.’

किल्लीचं सांगायला हवं. कायदा असा की तिजोरीची किल्ली फक्त परवानाधारकाला सापडली पाहिजे, घरातल्या इतर कोणालाही नाही. बायकोने ती देव्हाऱ्यात ठेवली. टाकांच्या खाली लाल कापडाचं आसन होतं, त्या कापडाच्या घडीत. देवाच्या बुडाखाली कोण हात घालणार, असं तिचं म्हणणं. पण आमच्या घरी पूजा मी करतो. रोज सकाळी देव ताम्हनात काढायचे, आसन झटकायचं, पुन्हा मांडायचे. म्हणजे किल्ली रोज माझ्या हातात.

‘अगं, कायद्याने मला कळायला नको ती.’

‘तुम्हाला कोण धरतंय?’ ती म्हणाली.

खरंच, मी तिजोरी कधी उघडली नाही. वर्षातून एकदा, खंडेनवमीच्या शस्त्रपूजेला, बायको ती माझ्यासमोर उघडायची. पाटावर लाल वस्त्र, त्यावर पिस्तूल, शेजारी तिची शिवणाची कात्री, सुरी आणि मुलीचा कंपास. मी पोथी उघडून मंत्र म्हणायचो, ती पूजा करायची. माझे डोळे पोथीत असायचे. एका वर्षी नेमकी त्याच दिवशी पलीकडे स्पर्धा होती, तर तिने डबीत हळद-कुंकू नेलं आणि क्लबातल्या बाकावर पूजा उरकली. मावशी शेजारी उभी होती म्हणे. मी बाहेर, गाडीत.

साथीच्या पहिल्या वसंतात क्लब बंद झाला. तिजोरी बंद, आम्ही घरात. मी स्वयंपाकघरातून विद्यार्थ्यांना शिकवत होतो. रविवारी तिचा धाकटा भाऊ अमेरिकेतून व्हिडिओवर यायचा. तिथल्या वाळवंटी राज्यात त्याचं किराणा दुकान आहे. दुकानं रिकामी होऊ लागली तशी लोकांनी बंदुका घेतल्या, त्यानेही एक घेतली आणि ती कमरेला लावून तो गल्ल्यावर बसू लागला. एकदा त्याने उठून, कॅमेरा खाली करून आम्हाला दाखवली.

‘ताई, बघ. उघडं लावून हिंडायचं. इथं कायद्याने चालतं.’

‘चड्डीची नाडी नीट बांध आधी,’ ती म्हणाली. ‘वजनाने उतरतीय.’

‘चेष्टा करू नको. पण एक गोची आहे. पुढच्या आठवड्यात शेजारच्या राज्यात जायचंय, सामान आणायला. तिथं उघडं चालत नाही म्हणतात. इथं झाकलं तर प्रश्न, तिथं दिसलं तर प्रश्न. सीमेवर गाडी थांबवून शर्ट खोचायचा का काढायचा, काय कळंना.’

‘वाचून जा. दोन्हीकडचं वाचून जा.’

‘तुमच्याकडं कसं? दुसऱ्या राज्यात नेता येतं?’

‘आमचं दुसरं राज्य म्हणजे दुसरा देश. अकरा किलोमीटर.’

‘कमरेला?’

‘पेटीत. तुझं कमरेला, माझं पेटीत. नेम कुणाचा बसतो ते बोल.’

तो हसला आणि माझ्याकडे वळला. ‘दाजी, तुम्ही भांडू नका हं हिच्याशी.’

शेवटी तो पिस्तूल दुकानात कुलपात ठेवून, नुसताच गेला. दोन्हीकडचं वाचून झाल्यावर तेच सोपं वाटलं, असं त्याने नंतर कळवलं.

उन्हाळ्यात नियम सैल झाले आणि सप्टेंबरात पलीकडच्या क्लबाने एक छोटी स्पर्धा ठेवली. प्रत्येकाची वेळ वेगळी, मास्क, अंतर. आम्ही निघालो. एरवी सीमेवर निळी पाटी सोडली तर काही नसतं. त्या दिवशी पाटीच्या पुढे पोलिसांची गाडी उभी होती आणि ते अधूनमधून वाहनं थांबवत होते. मी मनात म्हणत होतो, पुढे जा म्हणू दे, पुढे जा म्हणू दे. एका तरुण पोलिसाने हात केला. मी काच खाली करून कुठे जातो ते सांगणार, एवढ्यात ती माझ्या अंगावरून वाकली आणि जर्मनमध्ये, दुधाचा हिशोब सांगावा तितक्या साध्या आवाजात म्हणाली, ‘नमस्कार. डिकीत माझं पिस्तूल आहे. काडतुसं वेगळी. हे कागद.’

त्याने आम्हाला उतरायला सांगितलं, डिकी उघडायला लावली, पासवरचा क्रमांक पिस्तुलावरच्या क्रमांकाशी ताडून पाहिला, निमंत्रणपत्र वाचलं. मागे गाड्यांची रांग लागली. मी खाली बघत उभा होतो. पाचेक मिनिटांनी त्याने कागद परत दिले आणि तिला नेमबाजांच्या रीतीने शुभेच्छा दिल्या. त्याचा बापही नेमबाज होता.

गाडी सुरू झाल्यावर मी म्हणालो, ‘त्याने विचारलं नव्हतं.’

‘विचारणार होता.’

‘नसतं विचारलं तर?’

‘तर तुम्ही क्लबापर्यंत असेच लाल तोंड करून गाडी चालवली असती. कागद आहेत ना? मग लपवायचं कशाला?’

ती त्या दिवशी तिसरी आली. ऑक्टोबरात खंडेनवमीला पाटावर पिस्तूल ठेवलं, मी पोथी वाचली. जानेवारीत दोघांनाही ताप आला. माझा उतरला.

रुग्णवाहिका आली तेव्हा ती शुद्धीत होती, फक्त बोलताना धाप लागत होती. गॅसवरचं दूध उतरवा म्हणाली. मुलीला आत्ताच घाबरवू नका म्हणाली. आणि दारात, स्ट्रेचरवरून, ‘पिस्तूल मावशीला.’ मी म्हणालो, ‘तूच दे की.’ अकराव्या दिवशी ती गेली. अंत्यसंस्काराला ठरलेल्या संख्येइतकीच माणसं आली, खुर्च्या लांब लांब ठेवल्या होत्या. तिचा भाऊ पडद्यावर होता. मावशी सीमेपलीकडून येऊ शकली नाही.

त्यानंतरचे तीन आठवडे माझ्या घरात एक पिस्तूल होतं ज्याचा परवाना कोणाकडेच नव्हता. मला हे कळत होतं. पूजा मी करत होतो, आसन झटकत होतो, किल्ली उचलून बाजूला ठेवत होतो आणि पुन्हा घडीत सरकवत होतो. सुतकात पूजा करत नाहीत, पण इथे घरात मी एकटा. तेरा दिवस देव तसेच ठेवणं मला जमलं नाही.

मग मी तिच्या इथल्या क्लबाला फोन केला. तिथल्या चिटणीसाने हळुवारपणे पण स्पष्ट सांगितलं: पोलिसांना लगेच कळवा. ते पिस्तूल ताब्यात घेतील. परवाना असलेला कोणी ते घेणार असेल तर परवानाधारक विक्रेत्यामार्फत देता येतं, परदेशातल्या माणसालाही, पण दोन्हीकडचे कागद लागतात. कोणी नसेल किंवा पोलिसांना साठवणुकीत गैर आढळलं, तर ते वितळवतात. ‘आमच्याकडे ती मूठ घेणारा कोणी नाही,’ तो म्हणाला. ‘तुम्हाला माहीतच आहे.’

मी पोलिसांना मेल लिहिली. मग मुलीला फोन केला. ती युट्रेख्टला शिकते. मी मराठीत विचारतो, ती ज्या भाषेत सुचेल त्या भाषेत उत्तर देते.

‘बाबा, किल्ली कुठे ते तुम्हाला माहीत आहे असं सांगू नका. प्लीज. जस्ट से यू डोन्ट नो. ते येतील, तिजोरी कापतील, फिनिश्ड.’

‘पण मला माहीत आहे.’

‘आय नो यू नो. पण ते नियमाविरुद्ध आहे ना? मग ते म्हणतील आईने नियम मोडला आणि पिस्तूल घेऊन जातील. मावशीला मिळणार नाही. यू वॉन्ट दॅट?’

नको होतं. रात्रभर, खरं तर तीन दिवस, मी मनात ते वाक्य घोळवत होतो: किल्लीबद्दल मला कल्पना नाही. डचमध्ये ते चार शब्दांत होतं.

पोलीस अधिकारी ठरल्या वेळी आला. पन्नाशीचा, मास्क लावलेला, बुटांवर त्याने स्वतःच निळी प्लास्टिकची आवरणं चढवली. आधी त्याने शोक व्यक्त केला. मग जिन्याखालचं कपाट बघितलं, बोल्ट हलवून बघितले, वहीत लिहिलं.

‘किल्ली तुम्हाला सापडली आहे का?’

मी तोंड उघडलं. चार शब्द होते. ती माझ्या अंगावरून वाकल्यासारखं वाटलं.

‘शोधावी लागली नाही,’ मी म्हणालो. ‘मला ती कुठे असते ते आधीपासून माहीत आहे.’

त्याने वहीतून वर बघितलं. मी त्याला देव्हाऱ्यापाशी नेलं. तो हात पाठीमागे घेऊन वाकला.

‘इथे?’

‘या कापडाखाली.’

‘आणि तुम्ही ती बघत होता.’

‘हातात घेत होतो. रोज सकाळी. आंघोळ घालताना.’

‘कोणाला आंघोळ?’

‘देवांना.’

त्याने टाकांवरून नजर फिरवली. ‘या सगळ्यांना?’

‘हो.’

‘रोज?’

‘हो. मग पुसून परत ठेवतो.’

त्याने मला विचारलं की मी तिजोरी कधी उघडली का. मी नाही म्हणालो, आणि वर्षातून एकदा बायको ती कशी उघडायची तेही सांगितलं. त्याने सगळं लिहून घेतलं. ‘पाटावर’ आणि ‘पूजा’ हे त्याने दोनदा विचारून, उच्चाराप्रमाणे लिहिलं. नंतर म्हणाला, ‘हे नियमाला धरून नव्हतं. तुमच्या पत्नी असत्या तर त्यांचा परवाना जाऊ शकला असता. हे मला नोंदवावं लागेल.’

‘नोंदवा.’

‘पिस्तूल मी आज नेतो. त्याचं पुढे काय ते पत्राने कळेल.’

त्याने पावती दिली. पेटी त्याच्या हातात, तो पायरी उतरला, मी दार लावलं. मुलीला मी दोन ओळी लिहून कळवलं. तिचं उत्तर आलं: ‘ओ बाबा.’ आणि तासाभराने आणखी एक: ‘आईनेपण सांगितलं असतं.’ हे तिने मराठीत लिहिलं होतं.

पत्र यायला पाच आठवडे लागले. दर वेळी दारातल्या फटीतून टपाल पडलं की मी वाचत असलेलं पान सोडून उठत होतो. मावशी रोज फोन करत होती. तिने तिच्या बाजूचा अर्ज केला होता, पण तिथली कचेरी साथीमुळे लोकांना आत घेत नव्हती, आणि फोन उचलणारी मुलगी म्हणे हे तिचं खातंच नव्हे असं सांगत होती. ‘पोस्टात मी चाळीस वर्षं काढली,’ मावशी म्हणाली. ‘हे तिचं खातं नसेल, पण ती मला रोज ऐकेल.’

पत्रात सरकारी भाषेत दीड पान होतं. साठवणूक नियमानुसार नव्हती असं नोंदवलं होतं. परवानाधारक मृत असल्याने आणि शस्त्राचा गैरवापर झाल्याचं दिसत नसल्याने पुढे कारवाई नव्हती. तीन महिन्यांत पात्र व्यक्तीचे कागद विक्रेत्याकडे आले तर शस्त्र हस्तांतरित होईल, नाहीतर नष्ट करण्यात येईल. खाली हाताने लिहिलेली एक ओळ होती: प्रामाणिक माहितीबद्दल आभार.

मावशीच्या बाजूचा कागद मुदतीला सहा दिवस असताना मिळाला. ती स्वतः गाडी चालवत आली, आपली रिकामी पेटी घेऊन. लस दोघांचीही झालेली होती, तरी आम्ही विक्रेत्याच्या दुकानाबाहेर एकमेकांसमोर हात कुठे ठेवावेत ते न कळून उभे राहिलो. आत तिने सह्या केल्या, क्रमांक ताडून झाले. दुकानदाराने काही बोलायच्या आत तिने मूठ हातात घेतली, बोटं नीट बसवली, आणि लगेच खाली ठेवली. पेटीला कुलूप लावून ती डिकीत ठेवली. ‘कॉफीला येता?’ तिने मला विचारलं आणि स्वतःच उत्तर दिलं. ‘नाही. आज थेट घरी. वाटेत थांबायचं नाही.’

ऑक्टोबरात तिचा फोन आला. ‘तुमचा तो दिवस कधी आहे? पूजेचा.’

मी भिंतीवरची दिनदर्शिका बघितली. ‘गुरुवारी.’

‘पिस्तूल घेऊन मी तुमच्याकडे येऊ शकत नाही. स्पर्धा असली तरच आणता येतं, पूजेला नाही. मी विचारलं. तुम्हीच या.’

मी गुरुवारी दुपारच्या गाडीने गेलो. पलीकडचं गाव रेल्वेने पंधरा मिनिटांवरही नाही. कोटाच्या एका खिशात पोथी होती, दुसऱ्यात बायकोची हळद-कुंकवाची डबी. डबीवर ती वापरायची तसा रबर लावला होता.

मावशीने स्वयंपाकघरातल्या टेबलावर स्वच्छ टॉवेल पसरला, तिजोरी उघडताना मला पाठ फिरवायला सांगितली, आणि पिस्तूल रिकामं आहे हे दाखवून टॉवेलवर ठेवलं. मी पोथी वाचली. मग डबी उघडली. वाचणं आणि लावणं दोन्ही एकट्याने करायची ही पहिलीच वेळ. मी बोट कुंकवात बुडवलं आणि नळीकडे नेलं.

‘तिथे नको,’ मावशी म्हणाली. ‘तिथलं तेल पुसलं जाईल, गंजेल. ती इथे लावायची.’

तिने मूठ माझ्याकडे वळवली. अंगठा टेकतो तिथे लाकूड थोडं खोलगट होतं, आणि त्या खोलगट भागातल्या रेषा लाल झालेल्या होत्या. मी तिथे लावलं.